कडू निंबाची अहिंसा

मराठी घरात किड्यामुंगीविषयीचे दोन धर्म सुखाने एकत्र नांदत आले आहेत. एक धर्म म्हणतो, मुंगीही पायाखाली येऊ देऊ नकोस. वारुळापाशी चिमूटभर साखर टाक. नागपंचमीला जमीन खणू नकोस, भाजी चिरू नकोस, तवा चुलीवर चढवू नकोस. दुसरा धर्म त्याच घराच्या कोनाड्यात ढेकणांच्या औषधाची बाटली ठेवतो, दारे-खिडक्या लावून डासांवर फवारा मारतो आणि निश्चिंत मनाने झोपी जातो. या दोन धर्मांचे भांडण झालेले मी कधी पाहिले नाही. साखर टाकणारा हात आणि फवारा मारणारा हात पुष्कळदा एकाच बाईचा असतो.

आमच्या विदर्भात या दोहोंच्या मधली एक तिसरी वाटही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते. दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या उचलून गावाबाहेर नेतात आणि पोरे आरोळ्या देत धावतात. त्या आरोळीत रोगराईबरोबर डास, माश्या आणि ढेकूण यांनाही घेऊन जाण्याची विनवणी असते. त्यांना मरा असे कोणी म्हणत नाही. जा, एवढेच म्हणतात. शत्रूचा नाश न मागता त्याचे केवळ दूर जाणे मागावे, यात माणुसकी आहे आणि थोडी लबाडीही आहे. कारण तो शेजारच्या गावी गेला तर आपली हरकत नसते!

ज्याचे पोट शेतावर अवलंबून नाही त्याला या तिन्ही धर्मांत मिळून आयुष्य काढता येते. शेतकऱ्याला ते जमत नाही. त्याच्या दारी कीड येते ती पाहुणी म्हणून येत नाही. ती त्याच्या मुलाच्या ताटातला घास आणि मुलीच्या लग्नाचे पातळ खात असते. तिला साखर घालणे परवडत नाही, आणि जा म्हटले तर ती जात नाही. मग मारायचे कसे, कशाने आणि किती, हे प्रश्न उरतात. मला वाटते, अहिंसेचा खरा विचार या तीन प्रश्नांपासून सुरू होतो.

आमचे आर्वी हे कापसाचे गाव. पुलगावपासून इथवर येणारी अरुंद मापाची रेल्वे १९१७ मध्ये सुरू झाली तीही या भागातल्या कापसाच्या ओढीने. ती गाडी आता धावत नाही. पण पऱ्हाटी अजून आहे. सोयाबीन आले, तुरी होत्याच, वरच्या अंगाला संत्र्याच्या बागा झाल्या, तरी दिवाळीच्या सुमारास इथल्या माणसाचे मन गुंतलेले असते ते पांढऱ्या बोंडात. घरची लक्ष्मी दहीभात घेऊन शेतात जाते, पऱ्हाटीची पूजा करते आणि मगच पहिल्या बोंडाला हात लावते. याला आमच्याकडे सीतादही म्हणतात. ज्या झाडापुढे आपण असा नैवेद्य ठेवतो, त्याच झाडावर चार महिने किती विष ओतलेले असते याचा हिशेब मात्र त्या ताटात नसतो.

हे विष कोणी हौसेने ओतत नाही. गुलाबी बोंडअळी हा प्राणी ज्याने पाहिला आहे त्याला ते समजेल. तिचा पतंग रात्री येऊन पात्या-फुलांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात कळीत शिरते. फुलाच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून राहतात आणि त्याची डोमकळी होते. बोंडात शिरलेल्या अळीचा तर बाहेरून पत्ताच लागत नाही. बोंड हिरवेगार, टणक, देखणे दिसते. आणि फुटते तेव्हा आत पिवळट, चिकटलेली कवडी निघते. २००२ मध्ये बीटी कपाशी आली तेव्हा पुष्कळांना वाटले की हा त्रास संपला. काही वर्षांनी या अळीने तेही विष पचवले. २०१७ साली विदर्भात तिने हाहाकार केला.

त्याच वर्षी, शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली आणि शेकडो जणांना इस्पितळात जावे लागले. पीक माणसाच्या डोक्याएवढे उंच वाढले होते. हवा कुंद आणि उकाड्याची होती. एकात एक मिसळलेली औषधे पाठीवरच्या पंपातून उडत होती आणि फवारणारा त्या धुक्यातूनच चालत होता. तोंडाला रुमाल, अंगात जुना सदरा, पायांत कित्येकदा काहीच नाही. मेलेल्यांमध्ये स्वतःच्या शेतात फवारणारे शेतकरी होते, तसे दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूरही होते. ही दुसरी गोष्ट मला विसरता येत नाही. ज्या पिकातले एक बोंडही त्या मजुराचे नव्हते, त्या पिकासाठी तो मेला.

माझ्या वर्गातली निम्मी मुले अशा घरांतून येतात की जिथे फवारणीच्या दिवशी बापाच्या अंगाला निराळा वास येतो. तो वास त्यांना पावसाच्या वासाइतका ओळखीचा असतो. म्हणून विज्ञानाच्या तासाला वनस्पतींच्या अर्काचा विषय निघाला की मी तो घाईने संपवत नाही. एकदा असाच तो शिकवत असताना मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "बाई, निंबाच्या पाण्याने अळी मारली तर पाप लागत नाही का?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. आपण मोठी माणसे 'नैसर्गिक' हा शब्द ज्या सुटकेच्या नि:श्वासाने उच्चारतो, त्या नि:श्वासाचाच अर्थ तिने विचारला होता.

तो अर्क असतो तरी कसा, ते आधी सांगते. शहरातल्या वाचकाला त्याची कल्पना असेलच असे नाही. मे-जून महिन्यांत पिकलेल्या निंबोळ्या झाडाखाली पडतात. त्या वेचायच्या, धुवायच्या, सावलीत वाळवायच्या आणि पुढे लागतील तशा कुटायच्या. पाच किलो चुरा आठ-दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायचा. सकाळी तो ढवळून फडक्यातून गाळायचा, त्यात साबणाचे थोडे पाणी घालायचे म्हणजे पानाला चिकटतो, आणि सगळे मिळून शंभर लिटर करायचे. हा पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क. तो त्याच दिवशी संपवावा लागतो आणि शक्यतो उन्हे कलल्यावर फवारावा लागतो, कारण कडक उन्हात त्याची शक्ती लवकर जाते.

दुसरा दशपर्णी अर्क. त्यात निंबाबरोबर करंज, सीताफळ, एरंड, पपई, निर्गुडी, घाणेरी, गुळवेल, रुई, कण्हेर, धोतरा अशांपैकी दहा प्रकारचा पाला पडतो. मिरचीचा ठेचा, लसूण, शेण आणि गोमूत्र घालून तो दोनशे लिटर पाण्यात महिनाभर कुजवायचा आणि रोज ढवळायचा. आर्वीचा परिसर म्हणजे गवळाऊ गाईंचे माहेर; तेव्हा गोमूत्राला इथे दूर जावे लागत नसे. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी अशाच द्रव्यांना नीमास्त्र, अग्निअस्त्र, ब्रह्मास्त्र अशी महाभारतातली वाटावीत अशी नावे दिली आणि ती देशभर गेली. नावे अस्त्रांची आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अस्त्र हे शेवटी अस्त्रच.

यातले शास्त्र नवे असले तरी व्यवहार जुना आहे. आजी कणगीत गहू भरताना थरावर निंबाचा वाळका पाला पसरत असे. ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत तोच पाला, पोथीच्या पानांतही तोच. पाडव्याला आपण त्याची चटणी खातो. ज्या कडूपणाने किडे लांब राहतात तो कडूपणा वर्षातून एकदा आपणही गिळावा, अशी काहीशी त्यात योजना दिसते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळते. निसर्गातून आले म्हणून ते निष्पाप, हा पहिला युक्तिवाद. तो फार वेळ टिकत नाही. दशपर्णीतली धोतरा आणि कण्हेर ही दोन नावे पुन्हा वाचा. त्यांनी माणसे मेलेली आहेत. तंबाखूचा काढा हे कीटकनाशकांतले एक जुने नाव. त्यातले निकोटिन हे जहाल विष आहे. काही वेलींच्या मुळ्यांत रोटेनोन नावाचे द्रव्य असते. त्या मुळ्या ठेचून पाण्यात टाकल्या की मासे उलटे होऊन तरंगतात. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी पिढ्यान्पिढ्या त्याच युक्तीने मासेमारी करत आले.

शिवाय निसर्ग आणि कारखाना यांच्यामधली भिंतही आपल्याला वाटते तितकी जाड नाही. शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलातून पायरेथ्रम हे कीटकनाशक निघते. त्याच्याच धर्तीवर सायपरमेथ्रिनसारखी औषधे प्रयोगशाळेत घडवली गेली. इमिडाक्लोप्रिड किड्याच्या मज्जातंतूंवर जिथे घाव घालते तिथेच निकोटिनही घालते. बीटी कपाशीतले विष मुळात मातीतल्या एका जिवाणूचे आहे. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर ज्या बाटल्या ओळीने उभ्या असतात, त्यांतल्या कित्येकींचे आजोळ एखाद्या झाडाझुडपात सापडेल. झाडाला पाय नाहीत, पळता येत नाही. म्हणून त्याने लाखो वर्षे विषे बनवली. अरण्य हे ऋषींचे तपोवन असेल, पण ते रसायनांचे कोठारही आहे. तेव्हा 'नैसर्गिक' या शब्दात नीती शोधणे व्यर्थ.

दुसरा युक्तिवाद थोडा सूक्ष्म आहे. लोक म्हणतात, निंब मारत नाही. तो फक्त परतवतो. यात सत्य आहे. १९५९ मध्ये सुदानात टोळधाड आली. हाइन्रिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले की टोळांनी आसपासची झाडे ओरबाडली, पण निंबाची पाने तेवढी शाबूत राहिली. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या डॉ. एस. प्रधान यांनी निंबोळीच्या गराचे पातळ पाणी पिकावर फवारून पाहिले. टोळ पिकावर उतरले, पण त्यांनी ते खाल्ले नाही. रेचल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक त्याच १९६२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि डीडीटीसारख्या विषांनी पाखरांची काय दशा केली ते जगाला कळले. एकाच वर्षी एकीकडे प्रश्नाचा हंबरडा फुटत होता आणि दुसरीकडे दिल्लीतल्या शेतात त्याचे एक साधे उत्तर सुकत होते!

निंबातल्या त्या मुख्य द्रव्याला अझाडिरॅक्टिन म्हणतात. १९६८ मध्ये ते वेगळे काढले गेले. त्याची घडण इतकी गुंतागुंतीची, की केंब्रिजच्या रसायनज्ञांना ते प्रयोगशाळेत संपूर्ण घडवायला बावीस वर्षे लागली. २००७ मध्ये ते जमले. आमच्या शाळेच्या आवारातला निंब ते दर उन्हाळ्यात करतो आणि कोणाला सांगायला जात नाही.

पण हे द्रव्य केवळ परतवून थांबत नाही. ते पोटात गेलेल्या अळीची भूक मरते. तिला कात टाकता येत नाही. अळीला वाढायचे म्हणजे जुनी कातडी सोडावीच लागते. ती सुटत नाही आणि अळी आपल्याच कातडीत कोंडून, उपाशी, काही दिवसांनी मरते. बाटलीतले तीव्र विष तिला घटकाभरात मारते. निंब तिला सावकाश मारतो. अळीच्या बाजूने पाहिले तर यांतले दयाळू कोणते? कथा-कादंबऱ्या लिहून मला एक खोड जडली आहे. ज्याला गोष्टीत मरायचे आहे त्याचे म्हणणेही एकदा ऐकावे असे वाटते. अळीला बोलता आले असते तर तिने निंबाला अहिंसक म्हटले नसते.

मग निंब श्रेष्ठ कशात? की तोही एक भ्रम आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आमच्या जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. पुढे त्याचेच सेवाग्राम झाले. अहिंसेच्या या उपासकाने शेतकऱ्याच्या हिंसेविषयी जे म्हटले ते पुष्कळांना ठाऊक नसते. त्याआधी, १९२८ मध्ये, साबरमतीच्या आश्रमात वेदनांनी तळमळणाऱ्या एका वासराला त्यांनी विषाची सुई टोचून मरण देवविले आणि देशभरची टीका सोसली. १९४६ मध्ये 'हरिजन'मध्ये पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांचा प्रश्न निघाला तेव्हा ते म्हणाले की, शेती करायची तर टाळता न येणारी आणि कमीत कमी अशी हिंसा करावीच लागेल. पीक खाणारी माकडे, पाखरे, किडे मारावे लागतील. आणि पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट जोडली: हे मी स्वतः केले नाही तर दुसऱ्या कोणाला तरी त्या कामावर ठेवीन, आणि या दोहोंत फारसा फरक नाही.

या विचाराला दोन अंगे आहेत. पहिले, हिंसा कमीत कमी असावी. दुसरे, ती दुसऱ्याच्या हातात देऊन आपले हात धुऊन घेता येत नाहीत. पहिले अंग सगळ्यांना आठवते. दुसरे सोयीस्करपणे गळते. २०१७ चे ते मजूर मला आठवतात ते या दुसऱ्या अंगापाशी. कीड मारण्याचे काम आपण एकदा कारखान्याकडे दिले, कारखान्याने दुकानदाराकडे, दुकानदाराने शेतकऱ्याकडे आणि शेतकऱ्याने पंपवाल्या मजुराकडे. साखळीतल्या प्रत्येकाला आपला हात स्वच्छ दिसतो. विष अंगावर पडते ते अगदी शेवटच्या माणसाच्या.

निंबोळी अर्काचे मोठेपण मला इथे दिसते. तो विष नाही म्हणून मोठा नाही. तो करणाऱ्याला करण्यातून सुटू देत नाही म्हणून मोठा आहे. जो तो भिजत घालतो त्याचेच हात त्यात बुडतात. ज्यात स्वतःचे हात बुडवायचे त्यात काय टाकावे याचा विचार माणूस आपोआप करतो. तो पिकावर थोडेच दिवस टिकतो. म्हणून पुन्हा शेतात जावे लागते, पानाची खालची बाजू उलटून पाहावी लागते. बोंडात शिरलेल्या अळीला तो काही करू शकत नाही. म्हणून ती शिरण्यापूर्वी, अंड्यांच्या वेळीच, जागे राहावे लागते. ज्याला आपण त्याचा दुबळेपणा म्हणतो तो शेतकऱ्याला आपल्या शेताशी बांधून ठेवतो.

आणि पाहू लागले की दिसू लागते. पानावर मावा, तुडतुडे, फुलकिडे यांच्याबरोबरच मावा फस्त करणारा ढालकिडा असतो, हिरव्या पंखांचा क्रायसोपा असतो, दबा धरून बसलेला कोळी असतो. सगळ्या किड्यांना एकच शिक्षा देणारे औषध आपल्या पहारेकऱ्यांनाही मारते, आणि मग चोरांना रान मोकळे होते. निंबही अगदी निवडून मारतो असे नाही; पण पान खाईल त्यालाच तो मुख्यतः भोवतो, आणि पान खाणाऱ्याला खाणारा बराचसा वाचतो.

बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तरच उपाय योजावा, असा शास्त्रज्ञांचा दंडक आहे. मला तो केवळ शेतीचा नियम वाटत नाही. मारण्यापूर्वी मोज, एका रात्रीवर विश्वास ठेवू नकोस, तीन रात्री थांब, नुकसान सोसता येण्याजोगे असेल तर सोस. एखाद्या स्मृतिकाराने सुचवावा असाच हा संयम आहे.

हे सगळे मी एका शेतकऱ्यापाशी बोलले. चार एकरांचा धनी, त्यातला अर्धा धनी बँक. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बाई, तुमचा पगार पयल्या तारखेले येते, पाणी येवो का न येवो. माह्या पऱ्हाटीले पयली तारीख नसते."

या वाक्याला उत्तर नाही, आणि असल्याचा आवही आणू नये. आपण सुरक्षित राहून दुसऱ्याला तपश्चर्या सांगणे हीही एक हिंसाच आहे. निंबोळीचा अर्क वेळेवर केला तर उपयोगी पडतो; कीड अंगावर कोसळल्यावर तो पुरत नाही. पीक बुडाले तर पाप-पुण्याचा खल करणारी बाई त्याचे कर्ज फेडायला येणार नाही. श्रीलंकेत २०२१ मध्ये सरकारने रासायनिक खते आणि औषधे यांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचे पीक घटले, चहाचे मळे रोडावले, लोक रस्त्यावर उतरले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. चांगली गोष्टही हुकूम म्हणून आली की ती गरिबाच्याच पाठीवर पडते.

आणखी एक गोष्ट अर्काचे गुण गाणारे सहसा सांगत नाहीत. निंबोळ्या वेचतो कोण? भर उन्हात वाकून वेचणाऱ्या त्या बायका आणि पोरी असतात. धुणे, वाळवणे, कुटणे, महिनाभर रोज ड्रम ढवळणे, हे काम कोणाच्या वाट्याला येते? या मजुरीची नोंद कुठल्याच वहीत नसते. म्हणून तो अर्क फुकटात झाला असे आपण म्हणतो. फुकट काही होत नाही. निंबाची अहिंसा घरातल्या बाईच्या कमरेवर उभी राहणार असेल तर तिच्यात आणि त्या पंपवाल्या मजुराच्या कथेत अंतर कमी आहे. कामाची वाटणी झाली पाहिजे. गावातल्या दहा घरांनी मिळून निंबोळ्या जमवल्या पाहिजेत, दळणाची सोय झाली पाहिजे, वेचणाऱ्या हाताला दाम मिळाला पाहिजे. नाही तर आपण विष बदलले, रीत बदलली नाही, असे होईल.

रीत न बदलता केवळ माल बदलणे तर फारच सोपे आहे. निंबाचे तेलही आता सुबक बाटलीत मिळते. निंबाच्या तेलाने बुरशी घालवण्याच्या कृतीवर एका अमेरिकन कंपनीने, तिथल्या सरकारच्या शेतीखात्याच्या जोडीने, १९९४ मध्ये युरोपात पेटंट मिळवले होते. भारतातून आणि बाहेरूनही त्याला विरोध झाला. २००० मध्ये ते रद्द ठरले आणि २००५ मध्ये अपिलातही रद्दच राहिले. आजीच्या ट्रंकेतला पाला वाचला, याचा आनंदच आहे. पण बाटलीतला निंब मोजल्यावाचून, पाहिल्यावाचून, दुसऱ्याच्या पाठीवरच्या पंपातून उडवला, तर तो निंब असूनही त्याची शिकवण आपण सांडून टाकली.

म्हणून त्या मुलीला मी सांगितले ते थोडक्यात असे. पाप लागते की नाही हे मला सांगता येणार नाही. पण अळी मरते, हे खरे आहे, आणि ते आपण लपवू नये. आपल्याला जगायचे आहे म्हणून ती मरते. तेव्हा लागेल तेवढेच मारावे, पाहून मारावे, आणि त्याचा त्रास ज्याने सोसू नये अशा कोणाच्या पाठीवर टाकू नये. तिने मान हलवली. तिला सगळे पटले असे नाही. पण आपल्याला खोटे सांगितले गेले नाही एवढे तिला समजले असावे.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे हा अंक हातात घेऊन बसलेल्या तुमच्या-माझ्याविषयी. शेतकऱ्याला पहिली तारीख नसते. पण आपल्याला असते. वर्ध्याच्या मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगांचे काम करत तेव्हा ते एक गोष्ट आग्रहाने सांगत: वस्तू विकत घेणारा माणूस ती वस्तू बनताना घडलेल्या बऱ्या-वाईटाचा वाटेकरी असतो. दाम मोजून ती जबाबदारी फिटत नाही. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून आपण जो नवा सुती कपडा अंगावर घालतो त्याचे सूत कुठल्या तरी काळ्या रानातून आलेले असते. ते बोंड कसे वाचवले गेले याच्याशी आपला संबंध नाही, असे म्हणायला आपण मोकळे नाही.

त्या चार एकरांच्या शेतकऱ्याला निंबाचा उपदेश ऐकवण्यापेक्षा त्याच्या जोखमीचा थोडा वाटा उचलणे अधिक प्रामाणिक होईल. कोणी एक एकर निंबावर करून पाहतो म्हणाला तर त्याचे धान्य, त्याची तूर, त्याचा कापूस दोन पैसे जास्त देऊन घेता येतो. डाग असलेले संत्रे आणि किडीने टोचलेले वांगे बाजूला सारून केवळ चकचकीत माल निवडणारा आपला हातही फवारणीचा पंप दाबत असतो; त्याला थोडे आवरता येते. फवारणाऱ्या मजुराला हातमोजे, चष्मा आणि तोंडावरची जाळी मिळाल्यावाचून पंप पाठीवर चढणार नाही, असा आग्रह गावाने धरला तर त्याला कुठल्याही शास्त्राचा विरोध नाही. ही कामे लहान आहेत. पण साखर टाकणारा हात आणि फवारा मारणारा हात एकाच बाईचे आहेत हे जिला कळले, तिला ती करायला फारसे सांगावे लागणार नाही.